अँटीबॉडी आहेत, मग मलेरिया परत का होतो?

"रिपोर्टमध्ये मलेरियाच्या अँटीबॉडी आल्यात म्हणजे आता परत होणार नाही, बरोबर ना?" हा प्रश्न मला ओळखीतले, नात्यातले, कधी कधी तर एमबीबीएसला असलेली मुलंसुद्धा विचारतात. दर वेळी तोंडी सांगायला गेलं की उत्तर अर्धवटच राहतं, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहून टाकू. माझं रोजचं कामच ते आहे, लोकांच्या रक्ताच्या सीरममध्ये मलेरियाच्या परजीवीवरच्या प्रोटीनविरुद्ध किती अँटीबॉडी आहेत ते मोजायचं (सीरम म्हणजे गोठलेल्या रक्तावर उरतो तो द्रव), आणि हे काम जितकं करत जाते तितकं मला हा विषय जास्तच ओढून घेतो. उत्तर एका शब्दात हवं असेल तर "नाही", म्हणजे अँटीबॉडी असूनही मलेरिया परत होऊ शकतो. पण त्या "नाही"च्या मागे जे आहे ना, ते खरं सांगण्यासारखं आहे.

गोवर एकदा झाला की सहसा जन्मात परत होत नाही. मलेरियाचं तसं नाही. जिथे मलेरिया बारमाही असतो तिथल्या लहान मुलाला तो परत परत होतो, पहिल्या काही वर्षांत गंभीर स्वरूपाचा होऊ शकतो, मग हळूहळू मूल मोठं होतं तसा ताप येईनासा होतो, आणि मोठ्या माणसांच्या रक्तात परजीवी सापडतो तरी माणूस शेतात कामाला गेलेला असतो. म्हणजे शरीर शिकतं, नक्की शिकतं, पण शिकायला वर्षं लावतं आणि शिकलेलं पूर्ण कधीच होत नाही. आणि तो माणूस काही वर्षं मलेरिया नसलेल्या जागी राहून परत आला तर पुन्हा आजारी पडू शकतो. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने १९००च्या सुमाराला न्यू गिनीत रक्त तपासताना हे पाहिलं होतं, लहान मुलांच्या रक्तात परजीवी भरपूर आणि मोठ्यांच्या रक्तात फारच कमी.

आता हे अँटीबॉडीमुळेच होतं हे कशावरून? इथे मला १९६१ सालचा एक प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन या तिघांनी पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियातल्या मोठ्या माणसांच्या रक्तातून गॅमाग्लोब्युलिन, म्हणजे ज्या भागात अँटीबॉडी असतात तो भाग, वेगळा काढला आणि मलेरियाने आजारी असलेल्या लहान मुलांना टोचला. काही दिवसांत मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने कमी झाले, ताप उतरला. ब्रिटनमधल्या, कधीच मलेरिया न झालेल्या लोकांच्या रक्तातून काढलेलं गॅमाग्लोब्युलिन दिलं तर मात्र तसं काही झालं नाही. इतका सरळ प्रयोग. १९९१ मध्ये आफ्रिकेतल्या मोठ्या माणसांचं आयजीजी (रक्तातल्या अँटीबॉडीचा मुख्य प्रकार) थायलंडमधल्या रुग्णांना देऊन जवळपास तसंच पाहिलं गेलं, म्हणजे एका खंडातल्या माणसांच्या अँटीबॉडी दुसऱ्या खंडातल्या परजीवीवरही चालल्या. तेव्हा अँटीबॉडी काम करतात यात शंकाच नाही. शंका आहे ती "कुठल्या" अँटीबॉडी यावर, कारण त्या बाटलीत हजारो प्रकारच्या अँटीबॉडी एकत्र होत्या आणि त्यातल्या नेमक्या कुणी काम केलं याचा शोध साठ वर्षं उलटून गेली तरी चालूच आहे.

परजीवी म्हणजे एकच गोष्ट नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसायला हवं. डासाची मादी चावते तेव्हा त्वचेत सोडते ते स्पोरोझॉइट, फार नाहीत, साधारण काही डझन, फार तर शंभराच्या आसपास. ते यकृतात जातात, तिथे वाढतात आणि बाहेर पडतात ते मेरोझॉइट, हजारोंनी. हे मेरोझॉइट तांबड्या पेशीत शिरतात, फाल्सिपेरममध्ये (मलेरियाच्या सगळ्यात घातक परजीवीत) साधारण ४८ तासांत एकाचे १६ ते ३२ होतात, पेशी फुटते, ताप येतो, आणि पुन्हा तेच. मधेच काहींचे गॅमेटोसाइट होतात, जे डास परत पिऊन नेतो. या प्रत्येक रूपाच्या अंगावर वेगळी प्रोटीन. त्यामुळे स्पोरोझॉइटविरुद्धची उत्तम अँटीबॉडी मेरोझॉइटला बघूनही ओळखणार नाही, आणि मेरोझॉइटविरुद्धची अँटीबॉडी यकृताकडे निघालेल्या स्पोरोझॉइटचं काहीच बिघडवणार नाही. "मलेरियाची अँटीबॉडी" असं मोघम म्हणून चालत नाही ते यामुळे.

माझा जीव मेरोझॉइटमध्ये अडकलाय, तर त्याचंच आधी सांगते. मेरोझॉइट पेशीबाहेर उघडा असतो तो जेमतेम एक-दोन मिनिटं. तेवढ्यात तो तांबड्या पेशीला चिकटतो, गरगर फिरून आपलं टोक तिच्याकडे वळवतो, घट्ट जोड तयार करतो आणि आत सरकतो. व्हिडिओ मायक्रोस्कोपीत हे पाहिलंय मी, पेशी थरथरते, वेडीवाकडी होते आणि बघता बघता तो आत गेलेला असतो, परत पाहावं म्हटलं तर क्लिप मागे न्यावी लागते इतक्या चटकन. आता अँटीबॉडीने काय करायचं ते या तेवढ्या वेळातच करायचंय. म्हणून नुसती अँटीबॉडी असून भागत नाही, ती भरपूर हवी, चटकन चिकटणारी हवी आणि योग्य जागी चिकटणारी हवी.

मेरोझॉइटच्या अंगावर सगळ्यात जास्त असतं ते एमएसपी-१ नावाचं प्रोटीन. मोठं आहे, साधारण १९० ते २०० किलोडाल्टन (प्रोटीनचं वजन सांगायचं एकक), आणि ते आधी चार तुकड्यांत कापलं जातं पण तुकडे एकमेकांना धरूनच अंगावर राहतात. पेशीत शिरायच्या वेळी आणखी एक काप बसतो, बाकी सगळं बाहेर गळून पडतं आणि फक्त १९ किलोडाल्टनचा एक छोटा तुकडा परजीवीबरोबर आत जातो. या तुकड्यावर लोकांनी आयुष्यं घालवलीत. त्याचा आकार डायसल्फाइड बंधांनी बांधलेला असतो, ते बंध तोडले की तुकडा उलगडतो आणि रुग्णांच्या सीरममधल्या बहुतेक अँटीबॉडी त्याला ओळखतच नाहीत. म्हणून लॅबमध्ये बॅक्टेरियात हे प्रोटीन बनवलं की ते नीट घडी पडलेलं आहे का हे तपासणं हा अर्धा जीव खाणारा भाग असतो, कारण चुकीच्या घडीचं प्रोटीन प्लेटवर लावलं तर माणसाच्या रक्तात भरपूर अँटीबॉडी असूनही आपण "नाहीत" असं लिहून मोकळे होऊ.

प्लेट म्हणजे एलिसाची, म्हणजे अँटीबॉडी मोजायच्या टेस्टची प्लेट, ९६ खळग्यांची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक खळग्याच्या तळाला प्रोटीन चिकटवायचं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी धुवायचं, मग रिकाम्या राहिलेल्या जागांवर दुसरं काही बसू नये म्हणून दुधाच्या पावडरचं द्रावण घालायचं (हो, साधी स्किम्ड मिल्क पावडर, त्याने काम छान होतं), मग परत धुवायचं आणि मग पातळ केलेलं सीरम घालायचं. अँटीबॉडी असेल तर ती खाली चिकटते. धुतलं की बाकीचं सगळं वाहून जातं. मग माणसाच्या आयजीजीला पकडणारी दुसरी अँटीबॉडी, तिच्या शेपटीला एन्झाइम, परत धुणं, आणि शेवटी टीएमबी हे रंग आणणारं रसायन घातलं की खळगे निळे होत जातात. कुठे गडद, कुठे फिकट, कुठे काहीच नाही. ॲसिड घालून थांबवलं की निळ्याचं पिवळं होतं आणि मशीन ४५० नॅनोमीटरला आकडा देतं. ज्यांना कधीच मलेरिया झालेला नाही अशा लोकांचं सीरमही त्याच प्लेटवर लावायचं असतं, त्यांची सरासरी अधिक तीन एसडी (प्रमाण विचलन) इतक्या वर जे जाईल ते पॉझिटिव्ह, ही सर्रास वापरली जाणारी रेघ. आता बघा, ही रेघ फक्त इतकंच सांगते की हा माणूस मलेरिया न पाहिलेल्या माणसापेक्षा वेगळा आहे. तो सुरक्षित आहे असं ती रेघ कुठेच म्हणत नाही, आणि लोक वाचतात मात्र तसंच.

खरी मेख इथे आहे. ज्याला जास्त डास चावले त्याला जास्त मलेरिया झाला, त्याच्या अँटीबॉडीही जास्त. म्हणजे एखाद्या गावात अँटीबॉडी मोजल्या आणि पुढच्या वर्षी कोणाला ताप आला ते पाहिलं, तर कधी कधी उलटंच दिसतं, अँटीबॉडीवाल्यांनाच जास्त ताप, कारण त्यांच्या घराजवळच डास जास्त! आणि दुसरीकडे ज्यांना ताप आला नाही त्यातल्या काहींना मुळात परजीवी असलेला डास चावलाच नव्हता, त्यांना आपण "संरक्षित" धरून बसतो. या दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे आणि मला प्रामाणिकपणे वाटतं की या विषयातला बराचसा गोंधळ इथेच झालाय. जे अभ्यास सुरुवातीलाच कोणाच्या रक्तात परजीवी आहे हे पाहतात, वय धरतात, कोण किती चावला गेला याचा अंदाज घेतात, ते मला विश्वासार्ह वाटतात. केनियातल्या किलिफीमध्ये फेथ ओसिएर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये असंच काम केलं, आणि त्यात दिसलं की एखाद-दुसऱ्या प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी असण्यापेक्षा एकाच वेळी बऱ्याच मेरोझॉइट प्रोटीनविरुद्ध आणि भरपूर प्रमाणात अँटीबॉडी असलेली मुलं जास्त सुरक्षित होती. २०१४ मध्ये त्यांनी ३६ प्रोटीनवर हे तपासलं आणि पुन्हा तेच, एकट्या-दुकट्या अँटीबॉडीपेक्षा काही ठरावीक अँटीबॉडी एकत्र आल्या की चित्र बदलतं. मला तो पेपर वाचताना १९६१ची गांबियातली बाटलीच आठवत होती, त्यात सगळंच एकत्र होतं ना.

आणि प्रमाण म्हणजे सगळं नाही. आयजीजीचे चार उपप्रकार असतात, त्यातले आयजीजी-१ आणि आयजीजी-३ हे पांढऱ्या पेशींना धरू शकतात आणि कॉम्प्लिमेंटला (रक्तातल्या जंतू मारायला मदत करणाऱ्या प्रोटीनच्या संचाला) चालना देऊ शकतात. थायलंडमध्ये दिलेल्या त्या आफ्रिकन आयजीजीचं एक गमतीशीर निरीक्षण आहे, रुग्णांमध्ये ज्या अँटीबॉडीने परजीवी कमी केले त्याच अँटीबॉडी लॅबमध्ये परजीवीच्या कल्चरमध्ये घातल्या तर एकट्याने फारसं काही करत नव्हत्या, पण मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) सोबत ठेवले की वाढ थांबायची. म्हणजे अँटीबॉडी स्वतः मारत नव्हती, मारणाऱ्याला बोलावून आणत होती. आता कितीतरी वर्षं आपण "कल्चरमध्ये वाढ थांबली का" याच एका टेस्टवर लसींचे उमेदवार निवडत राहिलो, त्यात अशा अँटीबॉडी सुटल्या असतील तर नवल नाही. शिवाय आयजीजी-३ रक्तात टिकते जेमतेम आठवडाभराच्या अर्धआयुष्याने, आयजीजी-१ टिकते साधारण तीन आठवडे. लहान मुलांमध्ये तर ताप येऊन गेला की अँटीबॉडी वर उसळतात आणि डासांचा मोसम संपला की काही महिन्यांत खाली येतात, पुढच्या मोसमात पुन्हा पहिल्यापासून. वाईट वाटतं खरं हे आलेख बघताना, एकेका मुलाची रेघ वर जाते आणि उतरते.

दुसरी अडचण म्हणजे परजीवीचं रूप बदलणं. एएमए-१ नावाचं प्रोटीन घ्या, मेरोझॉइट पेशीला घट्ट जोडून घेतो त्या वेळी लागतं ते, त्याच्यावरच्या अँटीबॉडी लॅबमध्ये मस्त काम करतात. मालीत मुलांवर त्याच्या लसीची ट्रायल झाली, २०११ मध्ये निकाल आला. एकूण बघितलं तर लसीचा तापावर म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. पण परजीवींचं सिक्वेन्सिंग करून (त्यांच्या जीनमधली अक्षरं वाचून) पाहिलं तेव्हा कळलं की लसीत जे रूप होतं त्याच रूपाच्या परजीवीविरुद्ध संरक्षण होतं जवळपास ६४ टक्के! बाकीची रूपं मात्र बिनधास्त पुढे गेली. आणि त्याच मालीत एका गावातच एएमए-१ची दोनशेहून जास्त वेगवेगळी रूपं सापडली होती. म्हणजे लस फसली असं म्हणणंही अर्धसत्य आहे, अँटीबॉडीने तिचं काम चोख केलं, फक्त तिला ज्याची ओळख करून दिली होती त्याच्यापुरतं. त्याआधी २००२ मध्ये पापुआ न्यू गिनीतही असंच दिसलं होतं, तिथल्या लसीत एमएसपी-२ या मेरोझॉइटवरच्या दुसऱ्या एका प्रोटीनचं एक रूप होतं, त्या रूपाचे परजीवी कमी झाले आणि दुसऱ्या रूपाच्या परजीवीने आजारी पडणाऱ्या मुलांचं प्रमाण लस घेतलेल्यांत जास्त दिसलं. केनियात एमएसपी-१च्या तुकड्याच्या लसीने मुलांमध्ये अँटीबॉडी छान वाढल्या आणि ताप मात्र तसाच येत राहिला. हे सगळे निकाल निराशेचे वाटतात पण मला ते फार महत्त्वाचे वाटतात, कारण यातूनच कळत गेलं की पृष्ठभागावर जे सगळ्यात ठळक दिसतं, ज्याच्याविरुद्ध शरीर सगळ्यात जास्त अँटीबॉडी बनवतं, तेच बऱ्याचदा सगळ्यात जास्त बदलणारं असतं. शरीराचं सगळं लक्ष तिकडेच जातं.

आणि जे बदलू शकत नाही ते लपलेलं असतं. आरएच५ हे त्याचं उदाहरण. २०११ मध्ये कळलं की फाल्सिपेरमचं आरएच५ तांबड्या पेशीवरच्या बॅसिजिन नावाच्या प्रोटीनला धरतं आणि ही पकड चुकली की मेरोझॉइट आत जाऊच शकत नाही, आत्तापर्यंत तपासलेल्या सगळ्या स्ट्रेनमध्ये. त्यामुळे त्याला फारसं बदलणं परवडत नाही. पण ते अगदी थोडं असतं आणि ऐन वेळी, क्षणभरच बाहेर येतं, म्हणून वर्षानुवर्षं मलेरिया झालेल्या माणसांतही आरएच५च्या अँटीबॉडी तुटपुंज्याच सापडतात. इथे लस निसर्गापेक्षा चांगलं करू शकते! बुर्किना फासोमध्ये लहान मुलांवर झालेल्या ट्रायलचा निकाल २०२४च्या शेवटी आला, तिसरा डोस उशिरा दिलेल्या गटात तापाच्या मलेरियाविरुद्ध ५५ टक्के संरक्षण. रक्तातल्या टप्प्यावरच्या लसीसाठी हा मोठाच आकडा आहे. मी तो पेपर आला त्या दिवशी हातातलं काम बाजूला ठेवून आधी तो वाचला.

आता तांबडी पेशीच बघा. परजीवी आत शिरला म्हणजे अँटीबॉडीपासून सुटला असं वाटतं, पण तो आतून पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःचं एक प्रोटीन पाठवतो, पीएफईएमपी१, आणि त्याच्या जोरावर ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून राहते, म्हणजे बिघडलेल्या पेशी गाळून काढणाऱ्या प्लीहेतून जावं लागत नाही. त्यासाठी बाहेर तोंड काढावं लागतं आणि तिथे अँटीबॉडी त्याला गाठू शकते. यावर परजीवीची तोड अशी की त्याच्याकडे या प्रोटीनचे साधारण ६० जीन असतात, व्हार जीन, आणि एका वेळी एकच चालू. शरीराने एकाविरुद्ध अँटीबॉडी बनवल्या की दुसरा जीन चालू केलेले परजीवी पुढे येतात.

याच्यातली सगळ्यात मन हलवणारी गोष्ट गरोदर बायकांची आहे. लहानपणापासून मलेरिया झेललेली, मोठेपणी ताप न येणारी बाई पहिल्यांदा गरोदर राहते आणि तिला पुन्हा मलेरियाचा त्रास सुरू होतो, ॲनिमिया होतो, बाळ कमी वजनाचं जन्मतं, काही वेळा दगावतं. वर्षानुवर्षं कमावलेली प्रतिकारशक्ती गेली कुठे, हे कोडंच होतं. १९९६ मध्ये मिहाल फ्राइड आणि पॅट्रिक डफी यांनी पश्चिम केनियात दाखवलं की प्लॅसेंटातले (वारेतले) परजीवी वेगळ्याच गोष्टीला चिकटतात, तिथल्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए नावाच्या साखरेच्या साखळीला. नंतर कळलं की यासाठी व्हार२सीएसए नावाचं एकच खास प्रोटीन लागतं. त्या बाईने आयुष्यात कधी ते पाहिलेलंच नव्हतं, कारण आधी तिच्या शरीरात प्लॅसेंटा नव्हती! प्रतिकारशक्ती गेलेली नव्हतीच, त्या एका प्रोटीनपुरती ती कधी तयारच झाली नव्हती. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात आणि त्रास कमी होत जातो. पृष्ठभागावरच्या एका प्रोटीनविरुद्धची अँटीबॉडी असणं-नसणं म्हणजे काय, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. आणि याच्यावर लस करायचे प्रयत्न सुरुवातीच्या ट्रायलपर्यंत पोचलेत, त्यांना पैसा आणि वेग दोन्ही मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं, पहिलटकरणीला दुसऱ्या बाळंतपणापर्यंत थांब असं आपण कसं सांगणार.

जाता जाता एक सांगते, कारण हे मला कुणाला तरी सांगायचंच होतं. २०१६ मध्ये काही लोकांच्या रक्तात अशा अँटीबॉडी सापडल्या ज्यांच्यात अँटीबॉडीचा नसलेलाच एक तुकडा मधोमध घुसलेला होता, एलएआयआर१ नावाच्या आपल्याच पेशींवरच्या रिसेप्टरचा. परजीवीची रिफिन नावाची प्रोटीन या रिसेप्टरला धरून रोगप्रतिकारक पेशींना शांत करतात, आणि शरीराने काय केलं तर तोच रिसेप्टर उचलून अँटीबॉडीत बसवला, म्हणजे रिफिन स्वतःहून येऊन अडकणार. मलेरिया असलेल्या भागातल्या ५ ते १० टक्के लोकांत अशा अँटीबॉडी असतात असं पुढच्या वर्षी दिसलं. डीएनएचा एक तुकडा एका क्रोमोसोमवरून दुसऱ्यावर जाऊन बसतो आणि त्याची अँटीबॉडी होते, पुस्तकात शिकलो त्यात हे कुठेच नव्हतं.

आता स्पोरोझॉइट, कारण सध्या ज्या लसी प्रत्यक्षात दिल्या जातायत त्या याच्याविरुद्ध आहेत. याच्या अंगावर सीएसपी नावाच्या प्रोटीनचं दाट आवरण असतं आणि त्याच्या मधल्या भागात चार अमिनो ॲसिडची एकच ओळ चाळीसच्या आसपास वेळा पुन्हा पुन्हा येते. १९६७ मध्ये रूथ नुसेन्झ्वाइग यांनी रेडिएशन दिलेले स्पोरोझॉइट उंदरांना टोचून संरक्षण मिळवून दाखवलं होतं, तिथून हा धागा सुरू होतो. निसर्गात मात्र चावताना इतके थोडे स्पोरोझॉइट येतात आणि इतक्या लवकर यकृतात निघून जातात की सीएसपीविरुद्ध अँटीबॉडी कमीच तयार होतात. आरटीएस,एस ही लस याच पुन्हा येणाऱ्या भागावर बेतलेली. मोठ्या ट्रायलमध्ये ५ ते १७ महिन्यांच्या मुलांना चार डोस दिल्यावर साधारण चार वर्षांत तापाचे प्रसंग ३६ टक्क्यांनी कमी झाले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये डब्ल्यूएचओने शिफारस केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आर२१, ऑक्सफर्डची, सिरम इन्स्टिट्यूट बनवते ती. ठरावीक मोसमात मलेरिया येतो अशा ठिकाणी मोसमाच्या आधी दिली तर वर्षभरात तापाचे प्रसंग ७५ टक्क्यांनी कमी. ३६ टक्के ऐकून लोक नाक मुरडतात, मला ते पटत नाही. डब्ल्यूएचओच्या अंदाजाने एकट्या २०२३ मध्ये मलेरियाने ५,९७,००० माणसं गेली, बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं, अशा आजाराचे प्रसंग एक तृतीयांशाने घटण्याचा अर्थ काय होतो याचा विचार करावा. या लसींचं दुखणंही तेच, अँटीबॉडी आधी खूप वर जातात आणि पहिल्या काही महिन्यांतच भराभर उतरतात, म्हणून चौथा डोस.

मग काही लोकांनी विचार केला की शरीराला शिकवत बसण्यापेक्षा तयार अँटीबॉडीच देऊ. लस घेतलेल्या स्वयंसेवकांच्या रक्तातून सगळ्यात चांगल्या अँटीबॉडी वेगळ्या काढल्या, रक्तात जास्त टिकाव्यात म्हणून थोडा बदल केला. त्यातल्या सीआयएस४३एलएसने मालीत मोठ्या माणसांमध्ये जास्त डोसला सहा महिन्यांच्या मोसमात ८८ टक्के इन्फेक्शन रोखली, एकदाच दिलेल्या डोसवर. ती चिकटते सीएसपीच्या पुन्हा येणाऱ्या भागाला नाही तर त्याच्या सुरुवातीच्या सांध्याला, आणि आरटीएस,एसमध्ये तो सांधा नव्हताच. बघा म्हणजे, एकाच प्रोटीनवर कुठे धरायचं यावरही इतका फरक पडतो.

व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीबद्दल थोडं, कारण तिथे मला अँटीबॉडीचा वेगळाच उपयोग आवडतो. व्हायवॅक्स यकृतात झोपून राहतो आणि महिन्यांनी उठतो, झोपलेला असताना तो दाखवणारी टेस्टच नाही. पण अँटीबॉडी सांगू शकतात की हा माणूस अलीकडे इन्फेक्ट झाला होता. २०२० मध्ये आठ प्रोटीनविरुद्धच्या अँटीबॉडींचा संच घेऊन मागच्या नऊ महिन्यांत इन्फेक्शन झालं का हे साधारण ८० टक्के अचूकतेने ओळखता आलं, आणि अशा माणसांत झोपलेले परजीवी असण्याची शक्यता जास्त, त्यांनाच यकृतातल्या परजीवीवरचं औषध द्यायचं. ज्या कारणासाठी मी वर इतकी तक्रार केली, की अँटीबॉडी संरक्षण नाही तर भेट होऊन गेल्याचं सांगते, तीच गोष्ट इथे नेमकी कामाची.

आणि गॅमेटोसाइटवरच्या अँटीबॉडी तर आपल्या शरीरात काहीच करत नाहीत म्हटलं तरी चालेल. डास रक्त पितो तेव्हा रक्ताबरोबर अँटीबॉडी आणि कॉम्प्लिमेंटही त्याच्या पोटात जातात, आणि तिथे गॅमेटोसाइटमधून गॅमेट (नर-मादी पेशी) बाहेर पडले की पीएफएस२३०, पीएफएस४८/४५ अशा प्रोटीनना धरून त्यांचा मेळच होऊ देत नाहीत. पीएफएस२५ तर फक्त डासाच्या पोटातच दिसतं, त्यामुळे माणसाचं शरीर स्वतःहून त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतच नाही, लसीनेच बनवाव्या लागतील. अशी लस घेणाऱ्याला स्वतःला त्या वेळी काही फायदा नाही, त्याचा ताप येईल तेवढाच येईल, फक्त त्याच्यापासून पुढे कुणाला जाणार नाही. म्हणून ती एकटी देण्यापेक्षा सीएसपी किंवा आरएच५च्या लसीबरोबर एकाच सिरिंजमधून द्यावी असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे आणि माझंही तेच, घेणाऱ्या मुलाच्या आईला त्यात स्वतःच्या मुलासाठीही काहीतरी असायला हवं.